ॲसिड, हायपो आणि थिनर एकाच गाडीत? हिंगणा एमआयडीसी ते चंद्रपूर – नियम आणि भराई

वाडी_ट्रान्सपोर्ट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वाडीत लहानसं ट्रान्सपोर्ट आहे: १७ फुटी दोन गाड्या, एक पिकअप. आतापर्यंत टाइल्स, हार्डवेअर, किराणा असाच माल. आता हिंगणा एमआयडीसीतल्या एका केमिकल डीलरकडून चंद्रपूरच्या महिन्याला चार-पाच खेपा मिळू शकतात. एका खेपेचा माल असा:

हायड्रोक्लोरिक ॲसिड ३२ टक्के, ३५ किलोचे ४० कॅन
सोडियम हायपोक्लोराइट, ३५ किलोचे ४० कॅन
कॉस्टिक सोडा फ्लेक्स, ५० किलोच्या २० बॅगा
थिनर, २०० लिटरचे ६ ड्रम

सगळं मिळून पाच टनांच्या आसपास. डीलर म्हणतो एकाच गाडीत जाते, सगळेच नेऊन राहिले. बिलावर 'क्लीनिंग मटेरियल' लिहून देतो म्हणतो. ड्रायव्हरकडे साधं हेवी लायसन्स आहे. कागद, बोर्ड, भराई, काय काय लागेल? आणि हे खरंच एका गाडीत जाते का?

डिस्पॅच_डेस्क

नाही जात. कागदांचं नंतर बघू, आधी हे मनातून काढा.

ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. हायपोच्या ३५ किलोच्या एका कॅनमध्ये १० टक्के उपलब्ध क्लोरीन धरलं तर साडेतीन किलो क्लोरीन बाहेर पडू शकतो. तेवढं होण्यासाठी ३२ टक्क्यांचं ॲसिड लागतं फक्त ११ किलोच्या आसपास, म्हणजे एका कॅनचा तिसरा हिस्सा. साडेतीन किलो क्लोरीन म्हणजे सव्वा घनमीटरच्या जवळपास शुद्ध वायू. १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) ही क्लोरीनची जिवाला तत्काळ धोका मानलेली पातळी. त्या हिशेबाने हा वायू एक लाख घनमीटरहून जास्त हवा बिघडवायला पुरतो. हवेपेक्षा अडीचपट जड असल्यामुळे तो वर निघून जात नाही, रस्त्याच्या कडेच्या नालीत आणि सखल भागात बसून राहतो. बरं, यासाठी ॲक्सिडेंट व्हावाच लागतो असं नाही. ॲसिडच्या एका कॅनचं बूच ढिलं, गाडीच्या फाळक्याशी हायपोचा एक चिरलेला कॅन, आणि बुटीबोरीच्या पुढे एक जोराचा ब्रेक, एवढं पुरे.

थिनरही हायपोसोबत नको. हायपो ऑक्सिडायझर स्वभावाचा, थिनर पेटणारा.

आता वाटणी. हायपो आणि कॉस्टिक दोन्ही अल्कली, हायपोमध्ये स्थिरतेसाठी थोडा कॉस्टिक असतोच. ते एका गाडीत चालतात, फक्त बॅगा पॅलेटवर आणि कॅनपासून वेगळ्या, कारण फ्लेक्सवर पाणी पडलं की जबर उष्णता निघते. ॲसिड दुसऱ्या गाडीत एकटं. थिनर पिकअपमध्ये एकटा. तीन खेपांचा दर डीलरला परवडत नसेल तर हे काम तुमचं नाहीच.

एमएच३१_चाक

डिस्पॅच भाऊ, थोडं जास्तच होऊन राहिलं. हायपो वेगळा, मान्य. पण ॲसिड आणि कॉस्टिक दोन्ही क्लास ८ चेच ना? दोघांचं लेबल एकच. मग एका गाडीत का नको? नाहीतर एक १७ फुटी अर्धी रिकामी जाते.

डिस्पॅच_डेस्क

लेबल एक म्हणजे स्वभाव एक नाही. क्लास ८ म्हणजे 'जाळणारा', त्यात आम्लही येतं आणि अल्कलीही. दोघं भेटले की मीठ-पाणी होतं खरं, पण एवढी उष्णता निघते की ॲसिड उकळून उडतं आणि फ्लेक्सची बॅग वितळते. समुद्रमार्गाच्या नियमावलीतही आम्ल आणि अल्कली एकमेकांपासून दूर ठेवायला सांगितलंय. कॉस्टिक हायपोसोबतच जाऊ द्या.

हो, आकड्यांची एक गंमत. प्रत्येक धोकादायक मालाला यूएनचा ठरलेला ओळख-नंबर असतो. ॲसिडचा यूएन नंबर १७८९, हायपोचा १७९१. रेडियमवाल्याकडून गाडीवरचं धोक्याच्या माहितीचं पॅनेल करून घेताना हे दोन अदलाबदल होतात, आणि नेमकं तिथेच चूक चालत नाही. कॉस्टिक फ्लेक्सचा १८२३, थिनरचा १२६३. पॅनेल लावायच्या आधी कॅनवरच्या लेबलशी एकदा बोट ठेवून ताडून बघा.

नियम_१२९

आता कागद. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधले नियम १२९ ते १३७ आणि ड्रायव्हरसाठी नियम ९, एवढं नीट वाचलं तर आरटीओच्या दारात गडबडायची वेळ येत नाही.

सगळ्यात आधी ते 'क्लीनिंग मटेरियल'. बिलावर असं लिहून घेतलंत तर नियम १३१ नुसार डीलरवर असलेली जबाबदारी तुम्ही स्वतःच्या डोक्यावर ओढून घेताय. माल पाठवणाऱ्याने मालाची पूर्ण आणि अचूक माहिती लेखी द्यायची असते, आणि गाडीला नोंदणी-परवाना आहे का, सुरक्षा साहित्य आहे का, ड्रायव्हर प्रशिक्षित आहे का, हेही त्यानेच बघायचं असतं. नियम १३२ मध्ये ट्रान्सपोर्टरने ती माहिती तपासून ड्रायव्हरला समजावून द्यायची. खोटं नाव लिहिलं की साखळी पहिल्याच कडीत तुटते. अपघात झाल्यावर अग्निशमनवाला बिल बघून साबण समजून पाणी मारेल, आणि विमा कंपनीला हात झटकायला चांगलं निमित्त मिळेल. बिलावर तांत्रिक नाव, यूएन नंबर, क्लास आणि कॅनची संख्या, हे चारही हवेत.

ड्रायव्हर: साधं हेवी लायसन्स पुरत नाही. नियम ९ प्रमाणे राज्य शासनाने मान्यता दिलेल्या संस्थेत तीन दिवसांचं प्रशिक्षण, त्याचं प्रमाणपत्र, आणि लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद करून घ्यायची. ड्रायव्हरला आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी अशी अट आहे. इंग्रजीत अडकणारे पुष्कळ, म्हणून निवड आधी करा, प्रशिक्षणाची फी नंतर भरा. अशा लायसन्सची मुदत आधी एक वर्ष होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं झाली. गाड्या दोन आणि नोंद असलेला ड्रायव्हर एकच, असं करू नका. तो आजारी पडला की साधा ड्रायव्हर पाठवायचा मोह होतोच.

गाडी: सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर (ठिणगी अडवणारी जाळी) लागतो, नियम १२९अ. प्रथमोपचार पेटी, सुरक्षा साहित्य, टूल बॉक्स आणि मालानुसार उतारा-औषध, हे १२९ मध्येच आहे. गाडी नवी घ्यायची असेल तर ट्रॅकिंग उपकरणाचंही बघा. धोकादायक माल नेणाऱ्या एन२ आणि एन३ वर्गातल्या (एकूण वजन साडेतीन टनांवरच्या) मालगाड्यांना एआयएस १४० या मानकाप्रमाणे ट्रॅकर सक्तीचा झाला, नव्या मॉडेलला १ सप्टेंबर २०२२ पासून आणि चालू मॉडेलला १ जानेवारी २०२३ पासून.

पॅनेल, नियम १३४: गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, अशा तीन जागी. त्यावर मालाचं तांत्रिक नाव किमान ५० मिमी उंच अक्षरांत, यूएनचा अंक किमान १०० मिमी उंच, क्लासचं चौकटी लेबल २५० मिमी, आपत्कालीन सेवेचा फोन ५० मिमी अक्षरांत, आणि ज्याच्याकडून तज्ज्ञ सल्ला मिळेल त्याचं नाव-नंबर. हा शेवटचा नंबर डीलरच्या दुकानाचा टाकतात आणि ते रात्री आठला बंद होतं. रात्री दोनला फोन उचलणारा माणूस असेल तोच नंबर टाका. ताडपत्री पॅनेलवर येते, तेही चालत नाही, पॅनेल कायम उघडं आणि स्वच्छ दिसलं पाहिजे.

केबिनमध्ये ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं हे लिहिलेलं कार्ड), त्या खेपेचंच. मागच्या खेपेची कार्डं तशीच पडून असतात, ती काढून ऑफिसला ठेवा. तीन कार्डं हातात आली तर कोणतं खरं हे मदतीला आलेल्याला कळणार कसं?

दंड: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(३) खाली पहिल्या वेळी १० हजार किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी २० हजार किंवा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ आहेच. त्यात 'हाताळणी' म्हणजे गाडीने वाहून नेणंही येतं, पण ठरावीक प्रमाणाच्या वर. तुमच्या मालाला तो लागू होतो का हे विमा एजंटकडून लेखी घ्या, तोंडी नको.

वाडी_ट्रान्सपोर्ट

धन्यवाद, डोळे उघडले. तीन खेपांचा दर डीलरला सांगतो. आता भराईचं सांगा. आमच्या हमालांना टाइल्सची सवय, कॅन एकावर एक चार थर लावतात. ॲसिडचा कॅन फुटला तर काय टाकायचं? काही जण भुसा टाकतात असं ऐकलं. आणि परतीला चंद्रपूरहून तांदूळ मिळतो, तो चालेल का?

सेफ्टी_बुटीबोरी

भुसा नको! ॲसिडवर तो निरुपयोगी, हायपोवर धोकादायक: हायपोने भिजलेला भुसा वाळला की पेटू शकतो. कोरडी वाळू ठेवा, २५ किलोच्या दोन पिशव्या. आणि ॲसिड मारायला सोडा ॲश (धुण्याचा सोडा) किंवा विझवलेला चुना.

किती ठेवायचा याचा हिशेब करून घ्या. ३५ किलो कॅनमध्ये ३२ टक्क्यांनी सव्वाअकरा किलो शुद्ध ॲसिड. ते पूर्ण मारायला सोडा ॲश १६-१७ किलो लागतो, चुना ११-१२ किलो. म्हणजे ५ किलोची शोभेची पिशवी ठेवून उपयोग नाही, एका कॅनसाठी सोडा ॲशची २५ किलोची एक बॅग धरा. टाकताना कडेकडेने, मधोमध नाही, आणि थोडा थोडा. एकदम ओतला की कार्बन डायऑक्साइडचा फेस येऊन ॲसिड उडतं. कॉस्टिक टाकून ॲसिड मारायचा शहाणपणा करू नका. हायपो सांडला तर वाळूने बांध घालायचा, वर ॲसिड कधीही नाही. त्याच गाडीत कॉस्टिक आहे, म्हणून ओली वाळू बॅगांकडे जाऊ देऊ नका.

हाजकेम कोड (आग-गळतीत काय करायचं हे अग्निशमनवाल्याला सांगणारा छोटा कोड) बघा, दोघांत फरक आहे. ॲसिडचा २आर, हायपोचा २एक्स. आकडा २ म्हणजे पाण्याची फवारणी, दोन्हीकडे तीच. आर म्हणजे भरपूर पाण्याने पातळ करून वाहू देता येतं. एक्स म्हणजे वाहू द्यायचं नाही, अडवायचं. दोन्हीत पूर्ण रासायनिक सूट आणि श्वसनयंत्र लागतं. ड्रायव्हरकडे ते असणार नाही, म्हणून ड्रायव्हरचं काम गळती थांबवणं नाही. त्याने वारा जिकडून येतो त्या बाजूला जावं, सगळ्या दिशांनी किमान ५० मीटर माणसं हटवावी, ११२ ला फोन लावून यूएन नंबर सांगावा, मग जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावं. नियम १३६ मध्ये ड्रायव्हरने पोलिसांना आणि मालकाला कळवणं आहेच. फोनवर 'ॲसिड सांडलं' म्हटलं की पलीकडून कोणतं ॲसिड, किती, असे प्रश्न येतात. '१७८९' म्हटलं की एका आकड्यात काम होतं.

किटमध्ये: पीव्हीसी हातमोजे दोन जोड, गमबूट, एप्रन, चेहऱ्याला घट्ट बसणारा गॉगल (साधा चष्मा नाही), दोन लाकडी चोक (चाकाखाली लावायचे ठोकळे), दोन रिफ्लेक्टर त्रिकोण, टॉर्च. ॲसिड गॅस आणि क्लोरीनसाठीचं फिल्टर असलेला अर्धा मास्क केबिनमध्येच, पण फक्त बाहेर निघायला, आत घुसायला नाही. फिल्टरचं पाकीट फुटल्यावर त्याचं आयुष्य सुरू होतं, म्हणून तारीख मार्करने लिहा. पाण्याचे १० लिटरचे पाच कॅन ड्रायव्हरच्या हाताला लागतील असे, मालाच्या मागे नाही. डोळ्यांत उडालं तर किमान १५ मिनिटं नुसतं पाणी. पाच मिनिटांत माणूस थांबतो, बरं वाटलं म्हणून. थांबू देऊ नका. कातडीवर सोडा नाही, चुना नाही, पाणीच.

आता भराई. चार थर नाही. कॅनवर थरांचं चिन्ह किंवा पॅकिंगची सूचना असली तर तीच अंतिम, नसेल तर दोन थर आणि मध्ये १२ मिमी प्लायवूड. कॅनच्या तळाला किंवा बाजूला घड्याळासारखं वर्तुळ असतं, बाण महिन्याकडे आणि आत वर्ष. प्लास्टिकच्या कॅनचं आयुष्य यूएन शिफारशींप्रमाणे बनवल्यापासून पाच वर्षं. फिरून फिरून आलेले, कोपरे पांढरे पडलेले कॅन आधी बाजूला काढा, ते दाबाने फुटत नाहीत, कोपऱ्यातून चिरतात. बूच घट्ट केल्यावर कॅन पाच मिनिटं आडवा ठेवून बघा, मग उभा लावा (व्हेंटच्या बुचाचा कॅन सोडून).

हायपोच्या कॅनला श्वास घेणारं, म्हणजे व्हेंट असलेलं बूच हवं. नागपूरच्या मे महिन्यात ताडपत्रीखालचा माल सहज ४५ च्या वर जातो, आणि हायपोचं विघटन दर १० अंशांना दुपटीहून जास्त वेगाने होतं. साधं बूच असेल तर कॅन फुग्यासारखा फुगून फाटतो. व्हेंटचं बूच असेल तर कॅन उभाच राहिला पाहिजे, आडवा झाला की व्हेंटमधून टिपकतो. ॲसिडचे कॅन कोणी तोंडापर्यंत भरून दिले तर घेऊ नका. यूएन नियम असा की ५५ अंशांवरही पॅकिंग द्रवाने पूर्ण भरलेलं नसावं. उन्हाळ्यात पहाटे निघा, दुपारी बारा ते चार गाडी उभी असेल तर सावलीत.

दोर: सुतळीचा नको, ॲसिडने काही वेळात पिचतो. नायलॉनलाही ॲसिड खातं. पॉलिएस्टरचा बेल्ट ॲसिडला टिकतो, पण कॉस्टिकला नाही. पॉलिप्रॉपिलीन दोघांनाही टिकतं. म्हणून ॲसिडच्या गाडीत पॉलिएस्टर रॅचेट चालेल, हायपो-कॉस्टिकच्या गाडीत पॉलिप्रॉपिलीन. एका जागी ओढून ताणलेला बेल्ट कॅनची मान दाबतो, म्हणून बेल्टखाली फळी द्या.

परतीचा तांदूळ: त्या गाडीत नाही. फळ्यांच्या फटीत ॲसिड बसलेलं असतं, आणि रिकामे कॅन परत येत असतील तर तेही मालच धरायचे, कारण तळात राहिलेलं तेवढंच घातक. न्यायचंच असेल तर चुन्याच्या पाण्याने धुऊन, लिटमस पट्टीने तपासून, वाळवून मग. तांदळाच्या बोरीला वास लागला की व्यापारी तुम्हाला उभा करणार नाही. मला विचाराल तर परतीला लोखंड-सिमेंट धरा.

एमएच३१_चाक

वायरिंगबद्दलही कोणीतरी सांगा. आणि थिनरचं कोणी बोललंच नाही.

नियम_१२९

बरोबर. थिनर पेट्रोलियम कायद्याच्या कक्षेत येतो, पेंट दुकानात बिनधास्त मिळतो म्हणून लोक विसरतात. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते, २३ अंशांखाली असला की पेट्रोलियम क्लास ए. थिनरमध्ये टोल्यूइन असेल तर त्याचा फ्लॅश पॉइंट ४ अंश, म्हणजे डिसेंबरच्या रात्रीही ठिणगी पुरे. एमएसडीएसमधला (मालासोबतच्या सुरक्षा माहितीपत्रातला) नववा भाग उघडून बघा, तिथे तो आकडा असतो. क्लास ए च्या वाहतुकीला वेगळं काही लागतं का हे पेसोकडूनच (स्फोटक आणि पेट्रोलियमचे परवाने बघणारं केंद्राचं खातं) लेखी घ्या. पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे, इकडच्या माणसाला मुंबईला चकरा मारायची गरज नाही. जाताना ड्रमची क्षमता, ड्रमांची संख्या आणि फ्लॅश पॉइंट हे तिन्ही आकडे सोबत ठेवा, त्याशिवाय कोणी उत्तर देणार नाही.

पिकअपचं असं. सहा ड्रमचं वजन ड्रमसह अकराशे ते साडेअकराशे किलो होतं. आरसीवरची क्षमता तेवढी आहे का बघा, नाहीतर ओव्हरलोडचा वेगळा दंड. ड्रम उभे, बूच वर, लोखंडी फरशीवर थेट नाही, लाकडी फळ्यांवर. बॅटरीला कट-ऑफ स्विच, मागच्या दिव्यांच्या वायरी पाइपात, जोड नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती खाली वायरींकडेच जाते. ठोकायला लोखंडी हातोडी नको, पितळी. आग विझवायला १० किलोचा डीसीपी (कोरड्या पावडरचा अग्निशामक) मागे आणि २ किलोचा केबिनमध्ये ठेवलेला बरा. थिनरच्या हाजकेम कोडमध्ये ३ म्हणजे फोम आणि शेवटी ई म्हणजे आजूबाजूची वस्ती हलवायचा विचार करा. बादलीभर पाणी मारलं तर पेटतं थिनर पाण्यावर तरंगत पसरतं.

वाडी_ट्रान्सपोर्ट

एक शेवटचं. रूट? जामठा सोडून मधून गेलो तर वेळ वाचतो, पण गर्दीतून जायचं नाही हे समजलं. आणि ड्रायव्हर जेवायला थांबतो तेव्हा गाडी?

डिस्पॅच_डेस्क

हिंगण्याहून शहरात शिरायचं कामच नाही. बाह्य वळण रस्त्याने जामठ्याला वर्धा रोडला लागा, बुटीबोरी, जाम, मग वरोऱ्यावरून चंद्रपूर. शहरात जड गाड्यांच्या बंदीच्या वेळा वाहतूक पोलीस बदलत असतात, निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. ड्रायव्हरला रूट तोंडी नाही, कागदावर, थांबे धरून.

थांब्याचं नियम १३३ मध्ये आहे. गाडी आगीपासून सुरक्षित जागी आणि ड्रायव्हरच्या किंवा १८ वर्षांवरच्या समजदार माणसाच्या नजरेत. ढाब्याच्या चुलीपासून लांब, भिंतीला तोंड करून नाही, निघायच्या दिशेने तोंड करून. म्हणून गाडीवर दोघं लागतात, आणि दुसरा १६ वर्षांचा क्लीनर चालत नाही. जेवायला आळीपाळीने जायचं. बुटीबोरी ओलांडली की एकदा गाडी बाजूला घेऊन बेल्ट परत ओढा. भरल्यानंतरच्या पहिल्या ३०-४० किलोमीटरमध्ये कॅन बसतात आणि बेल्ट ढिले पडतात. पुढचा तपास जामला करा.

वाडी_ट्रान्सपोर्ट

डीलरशी बोललो. ॲसिड आणि हायपो-कॉस्टिक वेगळ्या गाड्यांत द्यायला तयार आहे, बिलावर खरी नावं लिहायला अजून कुरकुर करून राहिला. नियम १३१ ची प्रिंट काढून त्याच्या टेबलावर ठेवतो. प्रशिक्षणाला दोन ड्रायव्हर पाठवतो, एकाचं इंग्रजी आधी बघावं लागेल.

सेफ्टी_बुटीबोरी

बिलावर यूएन नंबर येईपर्यंत पहिली गाडी लावू नका. आणि सोडा ॲशची बॅग आजच आणून ठेवा, ती ताडपत्रीखाली नाही, केबिनच्या मागे कोरड्या पेटीत. ओली झाली की दगड होते, आणि गरज पडेल तेव्हा फोडायला हातोडी शोधावी लागते.